वरच्या खोलीचं मीटर

टॉडमॉर्डनला, कालव्यालगतच्या बंद सूतगिरणीत
तिसऱ्या मजल्यावर ऑर्गन चढवला
तेव्हा चौथा खांदा माझा होता.
म्हणून त्या तबकडीत मीही आहे,
नाव छापत नाहीत त्या जागी.

मी इचलकरंजीचा. बोल्टनला कापडाचं शिकायला आलेला.
एल्विनने पहिल्याच दिवशी विचारलं, सतार येते का?
म्हटलं, नाही. चालत्या मागावर तुटला धागा जोडता येतो.
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला
आणि वरच्या खोलीचं मीटर त्याने माझ्यावर सोपवलं.
दहा पेन्सचं नाणं टाकलं की
चाळीस मिनिटं उजेड, चाळीस मिनिटं ऑर्गन,
आणि एका तारेच्या शेगडीवर चहा.

चौऱ्याहत्तरचा फेब्रुवारी.
सात आठवडे ते एकच गाणं करत होते,
गाणं होत नाही याचं गाणं:
एक माणूस डोंगराच्या पोटात सूर खणायला जातो
आणि खणता खणता कुदळीचा चमचा होतो.
असलं काहीतरी. तेवीस मिनिटांचं.
एल्विन रात्री ओळ लिही, सकाळी तिच्यावर कपबशी ठेवी,
संध्याकाळी बशीच्या गोल डागाभोवती दुसरी ओळ.
हेस्टर वेष्टनासाठी गोगलगाय रंगवायची,
पाठीवर ऑर्गन घेतलेली.
एकोणीसदा पुसली. विसाव्यांदा कागद फाटला.
डेन्झिलचे ड्रम सात मात्रांत जायचे, मग अकरांत,
मग बिस्किटांच्या कारखान्यात,
कारण शुक्रवारी पगार असे.

लोक अजून विचारतात, काय घेत होता तुम्ही तेव्हा?
टोस्टवर बीन्स.
भुकेनेही भिंती श्वास घेऊ लागतात.

टेपचं यंत्र भाड्याचं, खालच्या मजल्यावर, वेगळ्या लाइनीवर;
सकाळी नऊला परत द्यायचं.
त्या रात्री सगळं लागलं. कसं ते विचारू नका,
सात आठवडे रुसलेलं पोर आपण होऊन
मांडीवर येऊन बसावं तसं.
सतराव्या मिनिटाला सुई लाल रेघेला टेकली.

माझ्या खिशात एक नाणं होतं.
कोपऱ्यावरच्या दुकानात साडेदहापर्यंत बटाटे तळत.
मी नाणं काढलं. बोटांत धरलं.
फट समोर दिसत होती.

दिवा गेला.
ऑर्गनचा सूर दोर सुटलेल्या कळशीसारखा
खाली, खाली,
आणि काळोखात डेन्झिल थांबला नाही.
त्याला वाटलं, एल्विनने ठरवलं असेल.
एल्विनला वाटलं, डेन्झिलला ठाऊक असेल.
अकरा सेकंद नुसती काठी आणि कातडं,
रात्रपाळीला एकच माग चालू राहिल्यासारखं.
मग मी नाणं टाकलं.
सूर वर आला, निथळत, जरासा उतरलेला,
आणि कुणीतरी हुंदका दिला. तो टेपवर आहे.

त्या अकरा सेकंदांवर जाणकारांनी रकाने भरले.
सर्जनाचं मरण, म्हणाले.
कलावंताने काळोखाशी केलेला करार, म्हणाले.
एल्विनने नंतर काही केलं नाही;
हॅलिफॅक्सला शाळांच्या खिडक्यांना काचा बसवत राहिला.
दर नाताळला त्याचं कार्ड येतं:
तो अंधार कुणाला सुचला होता, आठवतं का?
मी उत्तरात इथलं हवामान लिहितो.

आणि त्या रात्री मी दुकानात पोचलो
तेव्हा दोन मिनिटं उरली होती, खिशात काही नव्हतं.
दुकानदारीणबाईंनी माझा चेहरा पाहिला,
तळणीतला चुरा झाऱ्याने काढला,
वर मीठ, व्हिनेगर, आणि कागदात बांधून दिला. फुकट.
कालव्याच्या कठड्यावर बसून आम्ही चौघांनी
तो बोटं चाटत संपवला. कुणी गाण्याबद्दल बोललं नाही.
मी कागद चुरगळून पाण्यात टाकणार,
तर हेस्टरने मनगट धरलं.
तेलाचा डाग दिव्यासमोर धरून म्हणाली,
थांबा.
याला कुणी हात लावू नका.